उलटं बूच

अहो डॉक्टर, असं घटाघटा नाही हो प्यायचं! ताक आहे का ते? ग्लास खाली दांडीला धरा — हां — आणि गोल फिरवा. सांडली तर सांडू दे, टेबल जुनंच आहे. ही इटलीची अमरोने वाइन. द्राक्षं आधी तीन-चार महिने वाळवत ठेवतात, मग रस काढतात, म्हणून एवढी दणकट. हिला घाबरायचं नाही. दात लाल होतील, पण तुम्ही दातांचेच डॉक्टर, तुमचं तुम्ही बघाल! — हसा की जरा. माझ्या धाकट्या लेकीला मागणी घालायला आलायत, दाढ उपटून घ्यायला नाही.

आता नाक घाला आत. खोल. काय येतं? थांबा, मीच सांगतो — काळी चेरी, चामडं, आणि मागून हळूच तंबाखू. बरोबर? अर्धं आयुष्य याच टेबलाशी बसून बाटल्या पास-नापास केल्यात मी. मोठमोठी हॉटेलं नुसत्या माझ्या शब्दावर माल उचलतात. धाकटीसाठी याआधी दोघं येऊन गेले. एकानं बर्फ मागितला — यात बर्फ! दुसऱ्यानं ग्लास नाकाशी नेलासुद्धा नाही आणि 'वा वा' करत सुटला. दोघांना चहा पाजला आणि जिना दाखवला. माझी अट एकच — जावई तोंडावर खरं सांगणारा हवा. मग? सांगा ना. नाक का मुरडताय?

पुठ्ठा? कसला पुठ्ठा? — भिजलेला? काहीतरीच काय! तुमच्या दवाखान्यातल्या औषधांचा वास बसलाय नाकात. परत हुंगा. — अजून तेच? तळघरातला ओला पुठ्ठा? आणा ती बाटली इकडे. चष्मा कुठे गेला माझा... हं. बूच मी काढलं तसंच परत बसवलं होतं, बघितलंच नाही नीट. अरे देवा. वाइननं भिजलेलं लाल टोक वर. उलटं आहे हो हे.

वाइन बिघडली की असाच पुठ्ठ्याचा वास मारते, आणि आमच्याकडे बिघडलेल्या बाटलीला बूच उलटं लावतात, चुकून गिऱ्हाइकासमोर जाऊ नये म्हणून. धाकटीनंच ही पद्धत पाडली. परत पाठवायला तिनं बाजूला ठेवली असणार, आणि मी शहाण्यानं होणाऱ्या जावयाला तीच पाजली!

असे बघू नका. चेरी कुठून आली म्हणता? पाठ आहे हो ते सगळं. मागच्या आजारपणापासून मला वासच येत नाही. कशाचाच नाही. दूध करपून भांडं काळं झालं तरी मी आपला शेजारी पेपर वाचत बसलेला. हॉटेलवाले आले की धाकटी आधी घोट घेते आणि टेबलाखालून माझ्या पायावर पाय देते — एकदा दिला की माल चांगला, दोनदा दिला की परत. मग मी मोठ्या आवाजात बोलतो, ते मान डोलावतात. दुकान माझ्या नाकावर चालतं म्हणे. नाक तिचं, मिशा तेवढ्या माझ्या.

तो बर्फवाला — खरं सांगू? माणूस चांगला होता. बर्फासाठी नाही घालवला मी त्याला. त्याचं गाव लांब होतं. तुमचंही लांबच आहे. ती म्हणते, बाबा, मी नाही जात कुठे, आणि मला इतकं बरं वाटतं ते ऐकून — लाज वाटते हो मला, बाप असून असं बरं वाटतं त्याची. पण भीती वाटते. ती गेली की या टेबलाशी मी काय करायचं, नुसतं चेरी चेरी म्हणत?

तरी तुम्ही तोंडावर सांगितलंत. माझीच अट माझ्या अंगाशी आली.

जिना वाजला का? तीच. डोळे पुसत नाहीये मी, चष्मा पुसतोय. तुम्हाला हे कळलंय असं तिला दाखवू नका. जा, वाटेतच गाठा, सांगा बाबा हो म्हणाले. आणि तिनं नाही म्हटलं तर ऐकू नका तिचं, माझं नाव सांगा. — ती बाटली कुठे नेताय? ओतायला? राहू दे, राहू दे तिथेच. मला काय, चांगलीच लागते ती. जा म्हणतो ना!