कमी व्होल्टेजची रेकॉर्ड

त्या इंग्रजी बँडची ती रेकॉर्ड कुणी फुकट पण नेत नव्हतं, पण मी निपाणीत रोज संध्याकाळी ती लावून तरंगत असायचो. एकदा हातातून पडून फुटली. दुसरी शोधत लई हिंडलो, शेवटी बेळगावात जुन्या बाजारात घावली. दुकानदारानं लावून दाखवली, तर गाणारे, कुत्रं मागं लागल्यागत, पळत होते.

"ही ती न्हवं."

"कव्हर तर तेच हाय की, अण्णा!"

तरी घेतली. दुपारी घरात लावली, तर तीच पळापळ. मी तोंड पाडून बसलो.

"अवो, दिवेलागण तर होऊ द्या," बायको म्हणाली.

गावभर दिवे लागले, आमचा बल्ब पिवळा पडला आणि पुन्हा लावलेली तबकडी मंदावली. माझं तेच जुनं गाणं, झोपेत बोलल्यागत, हळूहळू घरभर पसरलं.

बायको म्हणाली, "तुमच्या बँडला निपाणीचंच व्होल्टेज मानवतंय बघा."