शिंप्याचा छ्र

(नव्या शवपेटीत माप बघायला आडवे झालेले शेन म्हातारबा; शेजारी त्यांची बायको रुइझन आणि सून शिउलान. छ्र म्हणजे चिनी फूट, त्सुन म्हणजे त्याचा दहावा भाग.)

शिउलान : बाबा, पाय सरळ करा ना.

शेन : सरळच करतोय. पुढे फळी येते.

रुइझन : आधीच दम लागलाय तुम्हाला, त्यात चेष्टा कसली?

शेन : चेष्टा नाही गं. डोकं इकडच्या फळीला, तळवे तिकडच्या, आणि गुडघे वरच. बघ तरी.

रुइझन : अगं बाई... शिउलान, सुताराला माप काय सांगितलंस?

शिउलान : पाच छ्र, वर तीन त्सुन. बाबा झोपलेले असताना मीच मोजलं. दोनदा.

रुइझन : कशानं मोजलंस?

शिउलान : माझ्या पट्टीनं. माहेरची आहे ना, कापड बेतायची...

रुइझन : शिंप्याची पट्टी? अगं, शिंप्याचा छ्र सुताराच्या छ्रपेक्षा दोन बोटं मोठा असतो. पाच छ्रांत जवळजवळ वीतभर खाल्लंस की.

शिउलान : मला काय माहीत, आई. आमच्या घरी तोच एक छ्र. पण सुतारानं येऊन मोजायचं होतं ना?

शेन : जिवंत माणसाला सुतार पट्टी लावत नाही, पोरी. आकडा घरच्यांनीच द्यायचा.

रुइझन : तुझ्या नवऱ्यानं, लियांगनं, बरोबर दिला असता. पण तो बसलाय पलटणीत, आहे की नाही तेही कळत नाही.

शिउलान : तुकडा जोडून घेऊ. मी जाते, सुताराच्या पाया पडते.

रुइझन : जोडाच्या पेटीत माणूस ठेवला की घराण्याचा धागा तुटतो. सुतार हातसुद्धा लावायचा नाही. आणि नवी करायला लाकूड कुठलं? सरूचं झाड एकच होतं आपलं.

शेन : मग ही तुला ठेव. तू मावशील.

रुइझन : आणि तुम्ही?

शेन : मला चटईत गुंडाळा.

रुइझन : दुष्काळात बेवारशांना न्यायचे तसं? मी जिवंत असताना? पुन्हा बोलू नका.

शेन : बरं. मग पाय दुमडून ठेवा.

रुइझन : अंग गरम आहे तोवर दुमडतात, मग ते लाकडासारखं ताठ होतं. रात्री आमचा डोळा लागला आणि सकाळी कळलं, तर? धाकट्या भावजींचं काय करावं लागलं, विसरलात?

शेन : विसरतोय कसला. गुडघे मीच धरले होते.

शिउलान : काय करावं लागलं?

रुइझन : नको विचारूस.

शिउलान : मी जागेन, आई. रोज रात्रभर जागेन. चूक माझी आहे.

शेन : किती रात्री जागशील? मलाच ठाऊक नाही. चला, उचला मला, बिछान्यावर न्या. असं उताणं नको. कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. आता गुडघे पोटाशी घे. अजून.

शिउलान : दुखतंय तुम्हाला, बाबा. थोडे सैल सोडू?

शेन : नको. सवय होऊ दे.