अण्णांनी मोजलेले चार मायक्रोसेकंद

अण्णांना जन्मभर साथ देणाऱ्या गिरिजाक्का, शाहूपुरीतली दुकानदार मंडळी, कुरुंदवाडहून आलेली अण्णांची भावकी, आणि ज्यांच्या घरचा एखादा तरी रेडिओ नाहीतर टीव्ही अण्णांच्या हातून बरा होऊन गेला, असे तुम्ही सगळे...

मी शैला. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. वर्गात तास तास बोलायची सवय आहे मला. आज मात्र पहिलंच वाक्य सुचेना. मी थांबले, अडखळले, तर सांभाळून घ्या.

मल्लू अण्णा गेल्या आठवड्यात लिंगैक्य झाले, आपल्यातून गेले. तुम्ही त्यांच्या जुन्या कामांबद्दल बोललात. मला त्यांच्या एका नव्या कामाबद्दल सांगायचंय. ते त्यांनी माझ्या वडिलांसाठी केलं होतं.

माझे वडील, आबा, गडमुडशिंगीत राहायचे. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली. पण मनानं ते चालतेच होते हो! आई गोठ्यात गेली की उठायला बघायचे आणि पडायचे. मी म्हटलं, खोलीत कॅमेरा बसवूया. आबा असे भडकले! म्हणाले, "मी हितं उघडा पडल्याला असतोय. तुझी आई माझं अंग पुसती, कापडं बदलती. त्येचं पिच्चर काढणार व्हय तू?"

त्यांचं खरंच होतं.

मग मी रडार सेन्सरचा एक बोर्ड आणला. काडेपेटीपेक्षा लहान. तो फोटो काढत नाही. लहरी सोडतो, आणि परत आलेल्या लहरींवरून सांगतो, समोर माणूस आहे का, किती लांब आहे, हलतोय की निवांत आहे. माझ्या लॅपटॉपवर, कंपनीच्याच प्रोग्राममध्ये, तो झकास चालला. पण लॅपटॉप आबांच्या उशाशी कायमचा कसा ठेवणार? ती माहिती वायरीतून एका मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे छोट्याशा कॉम्प्युटरला, द्यायची, आणि आबा उठायला लागले की त्यानं गोठ्यात घंटा वाजवायची, असं ठरवलं. चार तर वायरी. दोन करंटच्या, एक बोलायची, एक ऐकायची. यात काय अवघड? मी हेच तर शिकवते!

आठ दिवस नुसता कचरा आला. प्रश्नचिन्हं, चौकोन, अर्धेमुर्धे आकडे. शेवटी सगळं पिशवीत घालून अण्णांच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. अण्णांनी आयुष्यात प्रोग्रामची एक ओळ लिहिलेली नव्हती. मी तसं म्हणाले तर म्हणतात, "मग शिकीव की."

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे ह्येचं तोंड त्येच्या कानाला जोडायचं. तोंडाला तोंड जोडलं, तर दोघं बी बोलत बसतील. ऐकणार कोण?"

हे वाक्य मी आजही वर्गात जसंच्या तसं सांगते. पोरं हसतात, पण परत कधी वायर उलटी जोडत नाहीत.

आमच्या वायरी बरोबर होत्या. तरी कचराच. अण्णांनी विचारलं, "ह्यो बोलतोय किती जोरात?" म्हटलं, सेकंदाला एक लाख पंधरा हजार बिट. बोर्डाच्या माहितीच्या कागदावर लिहिलंय. तर म्हणाले, "कागदावर हाय. पन तू मोजलंयस का?"

मी मोजलं नव्हतं. मला ते मोजण्यासारखं वाटलंच नव्हतं.

आता जे सांगणार आहे ते आक्कांना माहीत आहे. बाकी कुणाला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा पुन्हा पडले. कपाळाला टाके पडले. दवाखान्यातून मी थेट दुकानात आले, तर अण्णांनी माझी सगळी जोडणी सोडून ठेवलेली, आणि फळीवरचा, विजेचे चढउतार पडद्यावर दाखवणारा जुना ऑसिलोस्कोप काढून फडक्यानं पुसत बसलेले. माझं डोकं फिरलं. मी ओरडले. म्हणाले, "अण्णा, राहू द्या हे! रेडिओ नाही हा. तुमचा काळ गेला."

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. आक्का चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. अण्णांनी मान वर केली नाही. फडकं तेवढं थांबलं. मी पिशवी तिथेच टाकून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता फोन आला. "ये. मोजलंय." बस्स. एवढंच.

गेले. हिरव्या पडद्यावर बारीक बारीक पायऱ्या नाचत होत्या. अण्णांनी पडद्यावरचे चौकोन मोजून पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं हिशेब मांडला होता. म्हणाले, "सगळ्यात बारकी पायरी चार मायक्रोसेकंदाची हाय. तुझ्या कागदापरमानं नवाच्या आसपास पायजे. ह्यो दुपटीच्या वर जोरात बोलतोय, आन् तू आपली सावकाश ऐकतीस."

मी भलत्याच बोर्डाचा कागद वाचत होते, मंडळी! लॅपटॉपवरच्या प्रोग्रामला खरा वेग आधीच ठाऊक होता, म्हणून तिथे सगळं सुरळीत चाललं होतं. योग्य बोर्डाचा कागद बघून मी मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्राममधला एक आकडा बदलला. दोन लाख छप्पन हजार केला. आणि लॅपटॉपच्या पडद्यावर स्वच्छ आकडे उमटायला लागले. अण्णा बोर्डासमोर उभे राहिले, आकडा आला. दोन पावलं मागं गेले, आकडा वाढला. पुढं आले, कमी झाला. सत्तरीतला माणूस दुकानात मागं-पुढं करतोय आणि लहान पोरासारखा ओरडतोय, "आयला, मी दिसाया लागलो की!"

त्या क्षणी माफी मागायला हवी होती. नाही मागितली. मीही हसत बसले.

महिन्याभरानं, एका संध्याकाळी, गोठ्यात घंटा वाजली. आई धार अर्धी टाकून धावली. आबांचा एक पाय खाली आलेला. आईनं त्यांना धरलं. आबांनी विचारलं, "तुला कुनी सांगितलं गं?" आई म्हणाली, "शाहूपुरीच्या अण्णांनी."

आबा पुढं दीड वर्ष जगले. एकदाही पडले नाहीत. गेले तेव्हा गादीवर शांत झोपेत गेले.

त्यानंतर अण्णा दर शनिवारी माझ्याकडून प्रोग्राम लिहायला शिकायला लागले. शंभर पानी वही केली. शेवटच्या दुखण्यात मी दवाखान्यात गेले ते मनाशी ठरवून, आज बोलायचंच. तर अण्णांनी उशीखालून वही काढली. "एक बाइट चुकीचा आला तर वळखायचा कसा, ते सांग." मी सांगत बसले. भेटायची वेळ संपली, सिस्टर आल्या. दारातून मागं वळून मी कसंबसं म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी दुकानात मी जे बोलले ना..."

अण्णा म्हणाले, "कवा? मला न्हाय बा आठवत."

चाळीस वर्षांपूर्वी कुणाच्या टीव्हीत कुठला पार्ट घातला, हे सांगणारा माणूस हा. त्यांना आठवत नव्हतं? तुम्हीच सांगा.

परवा आक्का दुकान झाडत होत्या. कुरुंदवाडच्या एक बाई आल्या. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. असाच बोर्ड पिशवीत घेऊन आलेल्या. अण्णा गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. "अण्णा हायत काय?"

आक्का म्हणाल्या, "न्हाईत. तुम्ही आत या, बसा." आणि मला फोन लावला.

मी आले, पण अण्णांच्या जागेवर बसवेना. तशीच उभी राहिले. आक्कांनी माझा हात धरून मला तिथं बसवलं. म्हणाल्या, "ती बाई लांबनं आलीया. रड नंतर." संध्याकाळपर्यंत त्या बाईंचं काम झालं.

आक्का सोमवारपासून दुकान उघडणार आहेत. शनिवारी मी असेन. कुणाचं काम अडलं असेल तर या.

आता सगळ्यांनी उभं राहूया. दोन मिनिटं कुणी काही बोलायला नको.

अण्णा, शेवटचा नमस्कार. शरणु शरणार्थी.