सुभेदारांचं घर बघायला गेलो तेव्हा

घर घ्यायला जाल तेव्हा मला बरोबर नेऊ नका. परदेशात बांधकाम शिकून आलो, पण आवडलेल्या घराचं मालकासमोर कौतुक करायचं नसतं, हे तिथे कोणी शिकवलं नाही.

साताऱ्यात शनिवार पेठेतलं, निवृत्त सुभेदारांचं दोन खोल्यांचं जुनं घर मला घ्यायचंच होतं. बरोबर मामा होते. भाव उतरावा म्हणून ते म्हणाले, "लय ओल हाय."

मी म्हणालो, "मामा, ओल फक्त मोरीपाशी आहे. भिंती बघा, दीड हात जाड. एवढ्याशा जागेत दोन्ही खोल्यांत उजेड. बांधणाऱ्याला मानलं पाहिजे."

मामांनी चिमटा काढला. सुभेदारांनी भिंतीवर हात ठेवला.

"माजा पोरगा म्हणतोय, पडायला आलंय."

"छे, अजून दोन पिढ्या राहतील इथे."

त्यांनी तिथूनच पुण्याला मुलाला फोन लावला. "आरं, शिकल्याला इंजिनेर आलाय. घर दणकट हाय म्हणतोय. मी काय तुझ्या फ्लॅटात येत न्हाई."

फोन खिशात ठेवून ते मला म्हणाले, "तुमाला बी असंच घर मिळंल बघा. बसा, च्या टाकतो."