नोरीनबाई आणि आमच्या बसचे पट्टे

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा थेल्मा ब्रॉकबाई, व्यासपीठावरचे आपले मुख्याध्यापक लायल ऑस्टिन, सत्कारमूर्ती नोरीन केसेलबाई, आणि चहा कधी मिळतो म्हणून दाराकडे बघणाऱ्या माझ्या कुरावीलकरांनो,

मी मर्व्ह डूलन, शाळेची बस चालवणारा माणूस. लोक माझ्या पाठीमागे बोलतात. लोकांकडे तोंड करून बोलायची मला सवय नाही. सांभाळून घ्या.

नोरीनबाई उद्या लेकीकडे, समुद्रकाठी राहायला चालल्या आहेत. ती लेक म्हणजे टेसा. ती शाळेत होती तेव्हाची गोष्ट. धुक्यात वळणावर कांगारू आडवा आला, खडीवरून चाकं सरकली आणि बस चरात कलंडली. मला सीटचा पट्टा होता, मुलांना नव्हता. टेसा मागच्या बाकावरून उडाली ती थेट माझ्या सीटपाशी येऊन पडली. ती आजही पाय ओढत चालते. पोलिसांनी लिहून दिलं, ड्रायव्हरची चूक नाही. पण लिहून दिल्यानं झोप लागते का हो?

काही दिवसांनी नोरीनबाई माझ्या दारात उभ्या. मी बसच्या किल्ल्या त्यांच्यापुढे धरल्या. म्हटलं, "मी आता चालवणार नाही."

"नाटकं करू नकोस, मर्व्ह. मुलांना मग कोण नेणार? कांगारू?"

एवढं बोलून त्या खुर्चीत बसल्या आणि रडल्या. मीही रडलो. मग म्हणाल्या, "पट्टा होता म्हणून तू धड राहिलास. आता मुलांनाही मिळायला हवा."

पट्ट्यांसाठी सरकारी अनुदान होतं, पण हमरस्त्यावरच्या बसगाड्यांना. आमचा रस्ता कच्चा. कच्च्या रस्त्यावर बस हळू जाते, म्हणून पट्ट्यांची गरज नाही म्हणे! बाईंनी राजधानीत खेटे घातले. शेवटी पाहणीला एक साहेब आले. बाईंनी त्यांना मागच्या बाकावर बसवलं.

"हळूच चालव हं, मर्व्ह. नियमाप्रमाणे."

मी नियमाप्रमाणेच चालवली. पहिल्याच ओढ्यात साहेबांचं डोकं टपाला लागलं.

"बाई, इथं धरायला काय आहे?"

"पुढच्या मुलीची वेणी," बाई म्हणाल्या.

साहेब भला माणूस. अनुदान मंजूर झालं. जुनी बाकं पट्ट्यांचा ताण पेलणार नव्हती, म्हणून तळ उचकटून नवी बाकं बसवावी लागली. कमी पडलं ते तुम्हीच घातलंत. कुणी मेंढ्या विकल्या, कुणी केक. तरी मुलं पट्टे लावतील तर शपथ! मग मुलांना सवय लागेपर्यंत बाई रोज बसमध्ये. "खटका ऐकू आला नाही मला!" एक पोरगी फणकारली, "माझी आईसुद्धा एवढं करत नाही." बाई म्हणाल्या, "म्हणून तर मी आलेय."

गेल्या हिवाळ्यात ओढ्याचा काठ खचला आणि बस पुन्हा आडवी झाली. मागं बघायचा मला धीर होईना. तेवढ्यात आवाज आला, "मर्व्हकाका, मी लटकलेय. पट्टा सोडू का?"

सगळी लटकली होती, आपापल्या जागेवर. एकेकाला खाली उतरवलं आणि पहिला फोन बाईंना केला, मुलं सुखरूप आहेत म्हणून.

"सगळी?"

"सगळी."

मग त्यांनी विचारलं, "आणि तू?"

मी फोन ठेवून दिला.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. बाईंना एवढंच सांगायचं राहिलं होतं.

मी बरा आहे, नोरीनबाई.