'तितकं' गाळलेलं पत्र

नाही नाही सिस्टर, तो 'तांतो', म्हणजे 'तितकं', खोडा — तिथे लागत नाही तो. 'क्वांतो मास' म्हणजे जितकं जास्त, इथवर छान. पण आपली जीभ पडली मराठी, 'जितकं' म्हटलं की 'तितकं' आल्याशिवाय तिला चैन पडत नाही! स्पॅनिशमध्ये बोलताना ते सरळ गाळतात — जितकं जास्त काम, जास्त थकवा. झालं. चूक नाही म्हणत मी, पुस्तकात सापडेल. पण तिकडच्या दवाखान्यात पेशंटशी असं बोललात तर हसतील हो. माझी धाकटी हसलीच होती. तिकडे गेल्यावर महिन्याभरात फोन — "बाबा, तुम्ही शिकवलंत तसं इथे कुणीच बोलत नाही!" मीच शिकवली ना तिला, याच टेबलावर. तिची आई ओरडायची, कशाला पोरीच्या डोक्यात परकी भाषा घालताय — मी ऐकतोय कसला!

मग काय, फोन कमी झाले. नंबर बदलला तिने. शेवटी एक पत्र, दोन ओळींचं. "बाबा, जितकं कमी बोलतो आपण, मला जास्त बरं वाटतं. रागावू नका." — आलं लक्षात? 'तितकं' कुठाय? पोरगी मराठीसुद्धा स्पॅनिशमधून लिहायला लागली! आणि मी काय केलं असेल? लाल पेन घेतलं, 'मला'च्या आधी खूण केली, वर 'तितकं' लिहिलं आणि तेच पत्र पाकिटात घालून तिला परत पाठवलं. हो, पाठवलं. तिला बरं का वाटतं, माझं काय चुकलं — काही म्हणजे काही विचारलं नाही. चाळीस वर्षं वह्या तपासल्यात, हात आपोआप चालला — छे, खोटं कशाला बोलू, झोंबलं होतं मला. चांगलंच झोंबलं होतं.

सहा वर्षं झाली. नंतर लिहिली की मी पत्रं, अकरा लिहिली. तिची आई गेली तेव्हाही कळवलं. सगळी परत आली, त्या पत्त्यावर कुणी राहत नाही म्हणून.

तुमची नोकरी कुठल्या शहरात म्हणालात? — हं. तेच की, धाकटीचं. — नको नको, तिचं नाव नका लिहून घेऊ. सिस्टर, नको म्हटलं ना! शोधून काढाल, आणि सांगाल काय? बाबांनी पाठवलंय म्हटलंत तर ती ते शहरही सोडेल. — त्या शहरात आहे, एवढं तरी धरून चालता येतं मला अजून. वही मिटा. तास संपला.