रविवारचा पाला

हॅलो?… हाव, मीच. हळू बोल, वैष्णवी… तुहा आवाज येते व, मीच हळू बोलून राह्यली. तू नको ओरडू.

…माहीत हाय मले, आज रविवार हाय. पाला खुडल्यापासून शेवटच्या माणसाले औषध पाजेपर्यंत तोंड उघडायचं नसते. तुह्या आजीनंच घालून देलेलं… मंग काऊन उचलला? तुहं नाव दिसलं म्हणून उचलला. सारखा वाजून राह्यला होता.

…मांगच्या खोलीत. कवाड लोटलं हाय. भुईआवळ्याचा पाला वाटून ठेवला, ताकानं भरलेलं गंज बाजूले. आंगन भरलं हाय माणसाईनं. चपलाच चपला.

बाबा? हे काय, इथंच बाजेवर… दिवसा झोपतेत अन् रातभर टक्क जागे. हाव, डोळे पिवळे. आता नखंबी. पोट फुगलं, अंगाले खाज सुटली, भाकर पाहिली का तोंड फिरवतेत.

…देला. हाव, त्याईलेबी पालाच देला. ओरडू नको म्हटलं ना… घरच्या माणसाले द्यायचा नसते, हे का मले ठाऊक नाई? घरच्याले लागू पडत नाई म्हणे तुही आजी. पण त्याईनंच वाटी ओढली हातातून. म्हणे, गयाबाईच्या पोराले कावीळ झाली अन् थो डॉक्टरकडे पळाला, असं ऐकायचं हाय का तुले?… आता मायचं नाव काढल्यावर मी काय बोलू?

…नाई व, पाला खोटा हाय असं नाई म्हणत मी. कितीक लोक बरे झाले… असंल, तू म्हणते तसं आपोआपबी झाले असतील. मले काय माहीत? डोळे पांढरे झाले का लोक नारळ घेऊन येतेत. जे नाई आले, थे काऊन नाई आले, हे म्या कधी इचारलं नाई.

…काय? कुठं? पाराजवळ? ज्ञानेश्वरराव स्वतः आले गाडी घेऊन? अवं, आधी सांगायचं तरी, जावयाले निदान च्या… बरं बरं, राहू दे च्या.

…मांगून कुठं रस्ता हाय, पोरी? मांगं नाला अन् बाभळीचं कुंपण. न्यायचं तर आंगनातूनच न्या लागते, त्या साऱ्याईच्या मधातून. सोनाळ्याची शालूबाई तर दारातच बसली हाय, सुनेले घेऊन. सून पोटुशी हाय व. पाहिले म्या तिचे डोळे, थेबी पिवळे… तिच्या देखत मी माह्या माणसाले मेहकरच्या दवाखान्यात कशी नेऊ? अन् तिले पाला कोणत्या तोंडानं पाजू?

…नाई, आत येऊ नको. थांब. ऐक ना.

साळी देली, चोळी देली तुह्या आजीनं, अन् जाता जाता हा पाला देला. साळी फाटली, चोळी इरली, पाला काही सुटला नाई हातून. दारी आला त्याले परत पाठवायचं नाई. रविवारी गाव सोडायचं नाई. तुह्या बाळंतपणात तू आई आई करत होती, अन् मी इथं वाटी घोटून राह्यली होती… नाई, रडत नाई मी.

…थांब. उठले वाटते. अवो, काय पाहिजे? पाणी देऊ?… इकडं पाहा ना. मी हाय. रेणुका…

…वैष्णवी. त्याईनं मले माय म्हटलं. हाव. कालबी म्हटलं होतं, मले वाटलं झोपेत हायेत. ‘माय, औषध दे’ म्हणतेत… नाई व, झोपेत नाई. डोळे उघडे हायेत त्याईचे. माह्याकडंच पाहून राह्यले.

…कवाड वाजलं. शालूबाई असंल. इचारून राह्यली, घरात कोण बोलते म्हणून. ऐकलं तिनं.

…आता काय सांगू म्हणजे? बोलली ना मी. आजचा पाला वाया गेला. बोललेल्या हातचं औषध कोणाले देता येत नाई, हेबी तुह्या आजीनंच घालून देलं हाय. आज मी साऱ्याईले नाई म्हणू शकतो. तिच्याच शब्दानं.

…चुकून? नाई. तुहं नाव पाहत होती, वाटीकडं पाहत होती, त्याईच्या तोंडाकडं पाहत होती. मंग उचलला.

जावयाले म्हण, गाडी आंगनात घ्या… हाव, समोरूनच. चपला सरकवतो मी साऱ्याईच्या. पाहू दे लोकाईले. अन् डॉक्टरले मी सांगतो, पाला देला म्हणून. काहीच लपवत नाई.

शालूबाई, आली मी, उघडतो कवाड… अवो, हात द्या इकडं. असे. टेका माह्या खांद्यावर.

…हाय, हाय फोनवर. वैष्णवी, तू पुढच्या सीटवर बसली हायेस ना? मंग उतर… उतर म्हणते ना. थे जागा शालूबाईच्या सुनेले दे. तुहे बाबा मांगं माह्या मांडीवर झोपतील. तू अन् शालूबाई आटोनं या मांगून.

…नाई, तिले अजून नाई इचारलं. आता कवाड उघडलं का इचारतो.

ठेवतो.